पेटी, झाकण आणि जोडणी : इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या यांत्रिक रचनेचा परिचय

प्रस्तावना

संगणकीय उपकरणांविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात प्रोसेसर, स्मृती आणि आज्ञावली यांनाच प्रामुख्याने स्थान मिळते. ही सामग्री ज्या पेटीत बसविलेली असते ती पेटी, तिची झाकणे, बिजागऱ्या, कळा आणि एक पेटी दुसरीला जोडणारे कनेक्टर यांच्याकडे मात्र ‘बाहेरची बाजू’ म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात उपकरण ऐनवेळी बंद पडण्याची अनेक कारणे याच बाहेरच्या बाजूला सापडतात. प्रस्तुत लेखात या विषयाचा परिचय इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या आधारे करून दिला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण सरळ आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांपैकी अनेकांनी निवडणूक कर्तव्यावर असताना हे यंत्र स्वतःच्या हाताने जोडलेले, मोहोरबंद केलेले आणि रात्री उशिरा जमा केलेले आहे. एखादे संगणकीय उपकरण इतक्या जबाबदारीने हाताळण्याचा प्रसंग आपल्या व्यवसायात क्वचितच येतो. यंत्राचे अंतर्गत आराखडे येथे विचारात घेतलेले नाहीत. केंद्राध्यक्षाला दिसणाऱ्या आणि हाताळाव्या लागणाऱ्या भागांपुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

यंत्राच्या इतिहासातील ठळक टप्पे बहुतेकांस परिचित आहेत. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ मध्ये पहिला नमुना तयार केला, पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही संस्था या कामात आली, आणि मे १९८२ मध्ये केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर यंत्राचा प्रथम वापर झाला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वापर कायद्यात तरतूद नसल्याच्या कारणावरून अमान्य ठरविला. यंत्राच्या रचनेविषयी तो निकाल नव्हता. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ६१ क समाविष्ट झाल्यानंतर, म्हणजे १९८९ पासून, यंत्राला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा फारसा सांगितला जात नाही. यंत्राच्या बाह्यरूपाचे औद्योगिक अभिकल्पन मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी केले. निरक्षर मतदाराला चिन्हासमोरची कळ दाबता यावी आणि निवडणूक कामाचा अनुभव नसलेल्या शिक्षकाला पेटी उघडून जोडणी करता यावी, या दोन अपेक्षा एकाच वस्तूकडून पूर्ण करून घ्यावयाच्या होत्या. पैकी दुसऱ्या अपेक्षेचा येथे विचार करावयाचा आहे.

बंद पेटी आणि उघडी पेटी

आपल्या कार्यालयातील टेबलावरचा संगणक ही उघडी पेटी होय. तिच्या आतील सामग्री शेकडो वॅट उष्णता निर्माण करू शकते. ती बाहेर काढण्यासाठी पंखा लागतो, पंख्यासाठी जाळी लागते, आणि जाळीतून हवेबरोबर धूळ येते. हिंगणघाट, देवळी, पुलगाव या कापसाच्या पट्ट्यात हंगामात धुळीबरोबर कापसाचे सूक्ष्म तंतूही येतात. ते पंख्याच्या पात्यांवर व उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पापुद्र्यांवर नमद्यासारखे बसतात. संगणक ‘हळू चालतो’ ही तक्रार अशा वेळी आज्ञावलीची नसून पेटीची असते.

मतदान यंत्राच्या पेटीला अशी जाळी ठेवावी लागत नाही. नियंत्रण युनिट ७.५ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. त्याचा वीजवापर इतका अल्प असतो की निर्माण होणारी उष्णता प्लास्टिकच्या भिंतींतून सहज निघून जाते. म्हणून पेटी बंद ठेवता येते. विजेची जोडणी नसलेल्या खोलीतही मतदान होऊ शकते हा बॅटरीचा लाभ सर्वांस ठाऊक असतो. पंखा नसल्यामुळे पेटीला छिद्रे नाहीत आणि छिद्रे नसल्यामुळे आत काही सारण्याची वाट उरत नाही, हा दुसरा लाभ माझ्या मते तितकाच महत्त्वाचा आहे.

बंद पेटीलाही उन्हाळा चुकत नाही. विदर्भात लोकसभेचे मतदान ऐन उन्हाळ्यात येते. एबीएस प्लास्टिक, जे संगणकाच्या पेट्यांसाठी सर्रास वापरले जाते, प्रत्येक अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ८० मायक्रोमीटर प्रसरण पावते. इलेक्ट्रॉनिक भाग ज्यावर बसवितात तो काचतंतूंचा फलक सुमारे १५ मायक्रोमीटर. हिवाळ्यातील १० अंश आणि मे महिन्यातील ४५ अंश यांतील फरक धरल्यास ३०० मिलिमीटर लांबीची प्लास्टिकची पेटी सुमारे ०.८४ मिलिमीटरने वाढेल, तर तेवढ्याच लांबीचा फलक जेमतेम ०.१६ मिलिमीटरने. उरलेला सुमारे ०.७ मिलिमीटरचा फरक कोठेतरी सामावावा लागतो. फलक दोन्ही टोकांना घट्ट स्क्रूने आवळला तर तो ताण डाखांवर आणि कनेक्टरच्या मुळाशी येतो. म्हणून कुशल अभिकल्पक एका टोकाचे छिद्र गोल आणि दुसऱ्या टोकाचे लांबट ठेवतो. ही ढिलाई बुद्धिपुरस्सर असते. ती निष्काळजीपणाची खूण समजून कोणी दुरुस्तीच्या वेळी जास्तीचा स्क्रू बसविला तर बिघाडाची सोय झालीच म्हणून समजावे.

कनेक्टर : एकाच बाजूने बसणारी जोडणी

कनेक्टरकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात. तो चुकीच्या बाजूने बसू नये, बसल्यावर आपोआप निसटू नये, आणि धातूचा धातूशी स्पर्श वर्षानुवर्षे स्वच्छ राहावा. पहिल्या अपेक्षेचे जुने व यशस्वी उत्तर म्हणजे इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे कवच. अमेरिकेतील कॅनन कंपनीने १९५२ मध्ये ते बाजारात आणले आणि पुढे संगणकाच्या पडद्यापासून प्रिंटरपर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. एक बाजू रुंद व दुसरी अरुंद असल्यामुळे ते उलटे बसूच शकत नाही. याउलट १९९६ च्या यूएसबी कनेक्टरचा आयत दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, पण बसतो एकाच बाजूने. हा दोष दूर होण्यास २०१४ चा ‘टाइप-सी’ यावा लागला. वापरणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसते आणि हाताला जे जाणवते त्यांत विसंगती नसावी, हा अभिकल्पनाचा साधा नियम इतकी वर्षे दुर्लक्षित राहिला याचे नवल वाटते.

मतदान यंत्राचे बॅलट युनिट मतदान कक्षात आणि नियंत्रण युनिट अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. दोहोंना जोडणारी केबल सुमारे ५ मीटरची असते. मतदाराची गुप्तता आणि अधिकाऱ्याचे नियंत्रण यांतील अंतर जणू या लांबीने निश्चित केले आहे. केबलचे एक टोक पेटीत कायमचे बसविलेले असते आणि फक्त दुसरेच टोक जोडावयाचे असते. त्यामुळे चुकण्याच्या जागा निम्म्याने कमी होतात. मोकळ्या टोकावरील बहुपिन कनेक्टर एकाच दिशेने बसतो. त्याच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगच्या चापा असतात. काढताना त्या दोन्ही एकाच वेळी आत दाबून मग ओढावयाचे असते. नुसती केबल ओढून कनेक्टर निघत नाही आणि निघू नये हीच योजना आहे, कारण केबलमध्ये कोणाचा पाय अडकला तरी मतदान चालू राहिले पाहिजे. प्रशिक्षणवर्गात मागच्या रांगांतून ही कृती दिसत नाही, आणि पहाटे अभिरूप मतदानाच्या घाईत कनेक्टर जोराने दाबला जातो. पिन वाकली की केंद्रावर तिला सरळ करण्याचा उपाय नसतो. पेटी बदलावी लागते. जोडणी करताना व काढताना नियंत्रण युनिट बंद ठेवावे ही सूचनाही याच भागाच्या रक्षणासाठी आहे. चालू प्रवाहात पिना एकदम न भिडता पुढेमागे भिडतात आणि त्या क्षणार्धात विद्युत् संकेतांचा क्रम बिघडू शकतो.

तिसरी अपेक्षा डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या कनेक्टरच्या पिनांवर निकेलच्या थरावर सोन्याचा मुलामा असतो. त्याची जाडी एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते. सोने गंजत नाही हे त्याचे कारण. स्वस्त कनेक्टरमध्ये कथिलाचा मुलामा असतो. वाहतुकीतील सूक्ष्म कंपनांनी तो घासला जातो आणि स्पर्शबिंदूवर ऑक्साइडची पूड साचते. असा कनेक्टर काढून पुन्हा बसविला की यंत्र चालू होते. बिघाड ‘आपोआप’ बरा झाल्याचे जे अनेक किस्से सांगितले जातात त्यांचे स्पष्टीकरण पुष्कळदा इतकेच असते.

झाकणे आणि मोहोर

मतदान यंत्राची पेटी इतर संगणकीय पेट्यांपेक्षा वेगळी ठरते ती तिच्या कप्प्यांमुळे. नियंत्रण युनिटमध्ये उमेदवारांची संख्या निश्चित करण्याची कळ एका कप्प्यात आहे. तो कप्पा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या स्तरावर बंद होऊन मोहोरबंद होतो, आणि केंद्राध्यक्षाला तो उघडण्याचे कारण नसते. निकालाच्या कळा दुसऱ्या कप्प्यात, आतले व बाहेरचे अशा दोन झाकणांच्या मागे असतात. मतदान बंद करण्याची कळ रबरी टोपीखाली असते. वीजप्रवाहाचा स्विच आणि कनेक्टरचे घर मागील बाजूस असते. ज्या कळेची ज्या व्यक्तीला ज्या वेळी गरज, तेवढीच तिच्या हाताखाली राहावी, असे हे कामाचे वाटप झाकणांनी केलेले आहे. आज्ञावलीत जे काम संकेतशब्द करतो ते येथे बिजागरी आणि दोरा ओवण्याचे छिद्र करते.

हिरवी कागदी मोहोर हा या रचनेचा गाभा होय. अभिरूप मतदानानंतर, त्यातील मते पुसून टाकल्यावर, केंद्राध्यक्ष व उपस्थित मतदान प्रतिनिधी त्या कागदावर स्वाक्षऱ्या करतात आणि तो निकाल कप्प्याच्या आतील झाकणाच्या चौकटीत बसविला जातो. कागदाची टोके बाहेरील झाकणातून बाहेर राहतात. मतमोजणीच्या दिवशी निकालाची कळ दाबण्यासाठी हा कागद भेदावाच लागतो. म्हणजे कळ आणि बोट यांच्यामध्ये उभी असलेली शेवटची वस्तू कागदाची एक पट्टी असते. बळाचा विचार केल्यास ती काहीच अडवू शकत नाही. पण कुलूप आणि मोहोर यांची कार्ये भिन्न आहेत: कुलूप अडवते, मोहोर सांगते. कुलूप उघडून पुन्हा लावता येते आणि मागे खूण राहत नाही. फाटलेला, क्रमांक व स्वाक्षऱ्या असलेला कागद पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच क्रमांकाची नोंद करून ती प्रतिनिधींना टिपून घेऊ देणे हा उपचार नसून यंत्ररचनेचाच एक भाग आहे. तो वगळला तर चौकट, झाकण आणि कागद तिन्ही निरर्थक होतात. प्रथमस्तरीय तपासणीनंतर पेटीच्या सांध्यावर जी गुलाबी कागदी मोहोर लावतात ती नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते.

व्हीव्हीपॅट : एका झिरपणाऱ्या प्रकाशाची गोष्ट

सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅटचा प्रथम वापर झाला, त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे निर्देश दिले, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तो सर्व केंद्रांवर आला. यांत्रिक दृष्टीने पाहता हा बदल मोठा होता. तोपर्यंत यंत्रात कळा व झाकणे सोडल्यास हलणारा भाग नव्हता. आता २२.५ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा मुद्रक, कागदाची गुंडाळी, चिठ्ठी कापणारी यंत्रणा, ती सात सेकंद दाखविणारी पारदर्शक खिडकी आणि चिठ्ठ्यांची पेटी असे सर्व एका तिसऱ्या पेटीत आले. पेटीमागील कागद-गुंडाळीची खिट्टी वाहतुकीत आडवी आणि वापरताना उभी ठेवावी लागते.

या पेटीची परीक्षा विदर्भातच झाली. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत अनेक व्हीव्हीपॅट बंद पडले, आणि ४९ मतदान केंद्रांवर ३० मे रोजी पुन्हा मतदान घ्यावे लागले. उत्तर प्रदेशातील कैराना येथेही त्याच दिवशी असेच घडले. ‘उष्णतेमुळे यंत्रे बिघडली’ असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले. निवडणूक आयोगाने दिलेले कारण अधिक नेमके होते: पेटीवर थेट व प्रखर प्रकाश पडल्याने आतील कॉन्ट्रास्ट संवेदक फसत होता. छापील खूण गडद आहे की फिकी हे हा संवेदक परावर्तित प्रकाशावरून ठरवितो. मतदाराला चिठ्ठी दिसावी म्हणून खिडकी हवी. आणि जेथून दृष्टी आत जाते तेथून प्रकाशही आत जातोच. संवेदकाला नको असलेला प्रकाश मिळाला की यंत्र ‘चिठ्ठी नीट छापली नाही’ असा निष्कर्ष काढून थांबते. थांबणे हे येथे योग्यच वर्तन आहे, शंकास्पद चिठ्ठी टाकण्यापेक्षा ते बरे. पण रांगेत उभ्या असलेल्या मतदाराला हा भेद कोण समजावणार?

उपाय पेटीतच झाला. संवेदकावर प्रकाश अडविणारे छोटे आच्छादन बसविण्यात आले आणि आर्द्रतेने न फुगणारा कागद वापरण्याचा निर्णय झाला. व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली ठेवू नये ही सूचना केंद्राध्यक्षांना दिली जाते, तिचे मूळ हेच. आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या खोल्यांत पूर्वेकडील खिडकी बहुधा मोठी असते. मतदान कक्ष आदल्या संध्याकाळी मांडताना सकाळी सातचे ऊन कोठे पडेल याचा अंदाज त्यासाठी घ्यावा लागतो.

२६ एप्रिल २०२४ रोजी वर्धा मतदारसंघात मतदान चालू असताना, त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची मोजणी करण्याची मागणी फेटाळली; मात्र चिन्हे भरणारी युनिटे पेटीत मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवण्याचा निर्देश दिला. वाद स्मृतीतील माहितीविषयी होता, आणि त्यावर योजिलेला एक उपाय पुन्हा पेटी व मोहोर हाच होता.

मतदान संपल्यावरचा क्रम केंद्राध्यक्षांना ठाऊक असतो. रबरी टोपी काढून बंद करण्याची कळ दाबणे, एकूण मतांची नोंद करणे, नियंत्रण युनिटचा स्विच बंद करणे, आणि त्यानंतरच दोन्ही चापा दाबून कनेक्टर काढणे. व्हीव्हीपॅटची खिट्टी पुन्हा आडवी करून, त्याची बॅटरी प्रतिनिधींसमक्ष काढून घेतली जाते. मग तिन्ही पेट्या आपापल्या वाहक पेट्यांत ठेवून, दोरा ओवून, पत्त्याच्या चिठ्ठीसह मोहोरबंद होतात.