सुटीतला गृहपाठ – बाईंचा!

उत्तरपत्रिका तपासून झाल्या, निकाल लागले, की शिक्षकांनाही सुटीचे वेध लागतात. लग्नकार्ये, पाहुणे, पापड-कुरडया यांतून रोज अर्धा तास काढून त्यांनी मुलांची पुस्तके वाचली, तर जूनमध्ये त्याचा लाभ साऱ्या वर्गाला होतो.

शाळेच्या कपाटात पुस्तके असतात. पण कुठले कुणाला द्यावे, हे ती वाचल्याखेरीज कळत नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हाती जाडजूड पुस्तक पडले, तर तो पुन्हा कपाटाकडे फिरकत नाही. घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तकच नसेल, तर त्याचे वाचन तिथेच संपते.

लहान वर्गांसाठी माधुरी पुरंदरे यांच्या चित्रमय पुस्तकांपासून सुरुवात करावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाचवी-सहावीच्या खोडकरांनाही खिळवून ठेवतो. १९८१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेले तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मात्र शिक्षकांनी आधी स्वतःसाठी वाचावे. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या त्या मुलीची बडबड नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास ऐकून घेतात!

वाचताना जवळ वही असावी. पुस्तकाचे नाव, मोठ्याने वाचायला लागणारा वेळ आणि ते कशा मुलाला रुचेल, एवढीच नोंद पुरे.

शाळा उघडली, की हजेरीनंतर दहा मिनिटे वाचून दाखवावे आणि गोष्ट ऐन रंगात आली असता पुस्तक मिटून कपाटात ठेवावे. मधल्या सुटीत कपाटाची किल्ली मागायला कुणीतरी येईलच.