पाऊस धरलेल्या मुलखात फवारा काय कामाचा?

मृगाच्या सरी पडल्या की वेल्ह्याकडच्या ओढ्यांवर रात्री बॅटऱ्या लुकलुकायला लागतात. खेकडे बाहेर पडलेले असतात, चढणीचे मासे खाचरांपर्यंत येतात, घराघरांत रश्श्याचा बेत ठरतो. नेमक्या याच दिवसांत बांध पोखरणारे खेकडे, परसातल्या वेलींवरची कीड आणि घरातले डास-झुरळं यांच्यासाठी विषाची बाटलीही घरात येते. बिळात ओतलेलं विष ओढ्यात उतरायला एक जोराची सर पुरते. ओढ्यातला खेकडा शेवटी कुणाच्या तरी ताटातच जातो.

भोर आणि वेल्हे (कागदोपत्री आता राजगड) तालुक्यांत किडीचा विचार पावसाला बाजूला ठेवून करता येत नाही. पानावर फवारलेलं औषध सुकायला काही तासांची उघडीप लागते. आषाढ-श्रावणात ती मिळते कुठे? देशावरचा फवारणीचा तक्ता इथे अक्षरशः पाण्यात जातो. ते पाणी पुढे कुठे जातं? भोरचं भाटघर आणि नीरा-देवघर धरणांत, वेल्ह्याचं गुंजवणी आणि पानशेतमध्ये, आणि पानशेतचं खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना. फार्महाऊसची हिरवळ नीटनेटकी राहावी म्हणून माळ्याला दर महिन्याची फवारणी ठरवून देणाऱ्या पुणेकरांनी हा नकाशा एकदा जरूर बघावा.

म्हणजे इथे पाऊस वाहून नेणार नाही असेच उपाय कामाचे. परसातली काकडी घ्या. बोटाएवढी असतानाच ती एका बाजूला वाकडी होते. वाकल्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि त्यावर डिंकाचा थेंब. कापली की आत बारीक पांढऱ्या अळ्या, हातावर घेतल्या तर टुणकन उडणाऱ्या. ही फळमाशी. मादी कोवळ्या सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते आणि कोषात जायला मातीत उतरते. फवारा पोचणारच नाही अशा जागी तिचं बहुतेक आयुष्य जातं. दोडका, कारलं, घोसाळं, पडवळ, सगळ्यांची हीच कथा.

फळ धरलं की त्यावर जुन्या साडीची किंवा जाळीदार कापडाची पिशवी बांधावी. कीडकं फळ उकिरड्यावर फेकलं तर पुढची पिढी तिथूनच उठते. ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट आवळून, आतला जीव मरेपर्यंत बंद ठेवावं. मांडवाखालची माती अधूनमधून हलवली की कोष उघडे पडतात आणि कोंबड्या ते टिपतात. जोडीला गंध सापळा लावावा, पण आमिष बघून घ्यावं. काकडीवर्गातल्या वेलींसाठी क्यू ल्यूर लागतं, आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आंब्याच्या माशीसाठी आहे. तो काकडीच्या मांडवाला टांगून उपयोग नाही.

मावा, तुडतुडे यांसाठी निंबोळी अर्क सगळेच सांगतात. पण कडुनिंब हे कमी पावसाचं झाड. नसरापूर-सारोळ्याच्या बाजूला जाणं झालं तर उन्हाळ्याअखेर गळालेल्या निंबोळ्या आणून सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून चिमूटभर साबणाचा चुरा घालावा आणि उघडीप बघून संध्याकाळी फवारावं. उन्हात त्यातला कामाचा अंश लवकर उडतो. कीड लगेच पटापट पडणार नाही, तिचं खाणं आणि वाढणं मंदावेल. तंबाखूचा काढा मात्र 'घरगुती' म्हणून बिनधास्त वापरू नये. निकोटीन हे जहाल विष आहे, मग ते चुलीवर उकळलेलं का असेना.

शंखी गोगलगायींनी 2022 मध्ये मराठवाड्यातलं सोयाबीन फस्त केलं, तेव्हा त्या बातम्यांत आल्या. बागेत त्या दिसल्या तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरावं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरच्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं उजळवणाऱ्या काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, हे काजवे बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. सरसकट फवारणीत त्या अळ्याही मरतात.

भातातही असंच घडतं. तपकिरी तुडतुड्यांना आवरणारे कोळी फवारणीने आधी मरतात, मग तुडतुडे मोकाट सुटतात. इंडोनेशियाने 1986 साली भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच अनुभवातून, आणि त्यानंतरही त्यांचं भाताचं उत्पादन वाढतच गेलं.

घरात येऊ. इंद्रायणी तांदूळ घरचा असेल तर साळ तशीच ठेवावी आणि लागेल तेवढीच गिरणीतून आणावी. टरफल शाबूत असेपर्यंत सोंडकिड्याला आत शिरणं अवघड जातं. वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवलेलं धान्य, घट्ट झाकणाचं पिंप आणि डाळीला एरंडेलाचा हात, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. सेल्फॉसची गोळी मात्र घरात नकोच. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. धान्यात ठेवलेल्या गोळ्यांमुळे त्याच घरात झोपलेली माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. कडा घासायलाच हवी. गप्पी मासे टाकीत, हौदात सोडावेत, ओढ्यात नकोत. ते परदेशी आहेत, आपल्या माशांच्या वाट्याला येतात. आणि दार-खिडक्या लावून रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. एका कॉइलच्या धुरात 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात, असं 2003 च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

झुरळांसाठी ओट्यावर फवारा मारण्यापेक्षा जेलचे तांदळाएवढे ठिपके बिजागरीत, सिंकखाली लावावेत. तिथे वर स्प्रे मारला तर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही पैसे वाया जातात. उंदरांना सापळा लावावा. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबड किंवा धामण खाते आणि बिनपगारी राखणदार गमावला जातो. कौलं, मोऱ्या आणि दाराखालच्या फटी बुजवल्या की उंदीर कमी, आणि उंदरांमागे घरात शिरणारा साप-नागही कमी. वाळवी तेवढी हट्टी. जुन्या लाकडी घरात ती मुळाशी पोचली असेल तर जाणकाराकडून रसायनाचा उपचार करून घ्यावाच लागतो, त्यात कमीपणा नाही.

बाटली घ्यायचीच झाली तर तिच्यावरचा त्रिकोण आधी बघा: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळा घरात आणू नका. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट यांच्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, जुना साठा कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली, ती शेतकरी-शेतमजूरच होती. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका. पोटात गेलंच तर उलटी करवायच्या भानगडीत न पडता 108 ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली लेबलासकट सोबत न्या.