पॅक करण्याआधी वाचायची फाईल

संग्रहात नवा कागद चढत नव्हता, तरी सर्व्हरची डिस्क भरत चालली होती. बुऱ्हाणपुरातल्या एका जुन्या संस्थेकडची मोडी पत्रं, मागवाल्यांच्या हिशेबवह्या, उर्दू-हिंदी-मराठी हँडबिलं स्कॅन करून प्लोन या आशय-व्यवस्थापन प्रणालीवरच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. त्याची तांत्रिक बाजू मी पाहतो. ग्रंथपालकाकांचा प्रश्न रास्त होता : "भाऊ, स्कॅनिंग तर बंद आहे, मग जागा खातंय कोण?"

प्लोनच्या पोटात झेडओडीबी हा ऑब्जेक्ट डेटाबेस असतो. जिम फुल्टन यांनी तो १९९०च्या दशकात घडवला. त्यात तक्ते नाहीत की रकाने नाहीत. पायथॉनमधली वस्तू 'पिकल' होऊन, म्हणजे बाइटच्या ओळीत बदलून, थेट 'डेटा.एफएस' या फाईलच्या शेवटी लिहिली जाते. वस्तूत तिळाएवढा बदल झाला तरी तिची अख्खी नवी नोंद शेवटी जोडली जाते आणि जुनी जागच्या जागी राहते. म्हणून चुकीचा बदल मागे घेता येतो, आणि म्हणूनच ही फाईल आपणहून कधी लहान होत नाही. प्लोन ४पासून चित्रं आणि पीडीएफ ब्लॉब म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. तो फोल्डर होता तेवढाच होता. फुगत होती ती डेटा.एफएस. म्हणजे स्कॅन निर्दोष.

अशा वेळी ज्याला विचारावं तो सांगतो, पॅक करून टाका. पॅक केल्यावर जुन्या नोंदी आणि कुठूनच पोचता न येणाऱ्या वस्तू गळून पडतात, फाईल एकदम सडपातळ होते. मला हा सल्ला घातक वाटतो. फाईल कशाने फुगली याचा पुरावा त्या जुन्या नोंदींमध्येच असतो. शिवाय पॅक करताना शेजारी दुसरी फाईल लिहिली जाते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डिस्कवर ते अर्ध्यात अडकू शकतं. मी फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि वाचायला बसलो.

झेडओडीबीसोबत 'एफएसटेल' नावाची छोटी स्क्रिप्ट येते. ती शेवटची ट्रॅन्झॅक्शन्स उलट क्रमाने दाखवते : वेळ, वापरकर्ता, कोणत्या पत्त्यावर काम झालं, नोंदीची लांबी. दिवसाच्या नोंदींमध्ये संपादकांची नावं दिसत होती, ते ठीकच. पण मध्यरात्रीनंतरही नोंदींची रीघ लागलेली, वापरकर्त्याची जागा रिकामी आणि पत्ते साध्या वाचनाच्या पानांचे. पान नुसतं वाचल्यावर डेटाबेसात काही लिहिलं जाण्याचं कारणच नाही. त्याहून बोलकी होती लांबी : प्रत्येक नोंद जवळपास सारखी, पण आठवड्यामागून आठवडे किंचित वाढत गेलेली.

'अ‍ॅनालाइझ' ही दुसरी स्क्रिप्ट कोणत्या क्लासच्या वस्तूंनी किती बाइट घेतले ते मांडते. तिने बोट ठेवलं ते वाचकसंख्येच्या मोजणीवर. प्रत्येक पान किती वेळा उघडलं याचे आकडे एकाच वस्तूतल्या साध्या पायथॉन डिक्शनरीत ठेवलेले होते. समजा, तिच्यात ४,००० पानं आहेत आणि एका पानाची नोंद ४५ बाइटची आहे. अख्खी डिक्शनरी झाली १८० किलोबाइटची. एका पानाचा आकडा एकाने वाढवायचा तरी हे १८० किलोबाइट पुन्हा लिहायचे. दिवसाला ५,००० वेळा पानं उघडली, तर ९०० मेगाबाइट! आणि रात्रीचे वाचक म्हणजे बहुतेक सर्च इंजिनांचे रोबो. त्यांना झोप नसते.

इथल्या कुंडी भंडाऱ्यात उतरलेल्यांना हे लगेच कळेल. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास बांधलेल्या त्या भुयारांतून सातपुड्याचं झिरपलेलं पाणी आजही वाहतं. वरून पाहिलं तर स्वच्छ पाणी. पण त्यातला चुना थरावर थर धरत भुयार अरुंद करत जातो. आमच्या फाईलमध्येही वाचक येऊन जात होते आणि थर मागे राहत होता.

उपाय छोटा होता. मोजणी डेटाबेसातून काढली. वेब सर्व्हर प्रत्येक भेट आपल्या लॉगमध्ये लिहितोच, आकडे तिथून काढायचे ठरलं. जुने आकडे आधी वेगळ्या फाईलमध्ये उतरवून घेतले. मोजणी डेटाबेसातच हवी असती, तर डिक्शनरीऐवजी बीट्री वापरता आली असती. तिच्यात नोंदी छोट्या कप्प्यांत विभागलेल्या असतात आणि बदल झालेला कप्पा तेवढा पुन्हा लिहिला जातो. पण लॉग असताना मला तेही अनावश्यक वाटलं.

बदल केल्यावर लगेच पॅक केलं नाही. रात्री पुन्हा एफएसटेल लावून पाहिलं. निनावी नोंदी थांबल्या होत्या. मग झेडओडीबीच्याच 'रेपोझो' या स्क्रिप्टने बॅकअप घेतला, दुसऱ्या फाईलपुरती जागा मोकळी केली आणि अलीकडच्या काही दिवसांचा इतिहास राखून पॅक केलं.

छोट्या संस्थांची अशी संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे : फाईल फुगलेली दिसली की पॅक करण्याआधी शेवटची काही हजार ट्रॅन्झॅक्शन्स साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून घ्या, आणि वापरकर्त्याचं नाव नसलेल्या नोंदी सगळ्यांत आधी वाचा.