मधुमेह, डोळ्याचा पडदा आणि आपली वस्ती

माझ्या आईच्या केसपेपरवर २००६ साली इंग्रजीत एक ओळ लिहिलेली होती. तालुक्याच्या गावातील एका डॉक्टरने ती लिहिली होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. 'फंडस' असा एक शब्द तीत होता. मी शिक्षक, आमच्या घरात इंग्रजी वाचू शकणारा पहिला माणूस. मी तो कागद वाचला, त्याची घडी घातली आणि गोळ्यांच्या पिशवीत ठेवून दिला. फंडस म्हणजे काय हे मी विचारले नाही आणि डॉक्टरने सांगितले नाही. चार वर्षांनी आईचा उजवा डोळा गेला. हा लेख त्या एका ओळीविषयी आहे.

आई नगरपालिकेत झाडूवाली होती. आमच्या वस्तीत या रोगाला कोणी मधुमेह म्हणत नाही, 'शुगर' म्हणतात, आणि ती खाऊनपिऊन सुखी असलेल्यांना होते असा समज अजून पक्का आहे. तो खोटा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १५ राज्यांतील पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले ते असे की आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेह वरच्या थरापेक्षा खालच्या थरात जास्त आहे. याच पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालाने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर सांगितली. रेशनच्या तांदळावर आणि दिवसाच्या सहा गोड चहांवर जगणारा माणूस या १० कोटींत आहे. फक्त त्याला ते बहुधा उशिरा कळते.

आता डोळ्याविषयी. आमच्या लहानपणी जत्रेत टुरिंग टॉकीज येत असे. यंत्र चांगले, भिंग चांगले, पण पडदाच फाटलेला असेल तर चित्र कशावर उमटणार? डोळ्याचेही तसेच आहे. पुढे भिंग असते. ते गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात. मागे पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. या पडद्याला केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे फुगवटे येतात, कुठे झिरपू लागते, कुठे वाहिनी बुजते. मधोमध जिथे आपण अक्षर वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, त्या पीतबिंदूजवळ पाणी झिरपले तर तिथे सूज येते आणि नजर अंधुक होते. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग नव्या वाहिन्या मागून घेतो. नळाचे पाणी न पोहोचणाऱ्या वस्तीने रात्रीतून कच्चे कनेक्शन जोडावे, तशा या नव्या वाहिन्या असतात. त्या टिकाऊ नसतात. एखाद्या दिवशी फुटतात आणि डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात रक्त पसरते. पुढे तिथे जे व्रण धरतात ते आखडून पडद्यालाच ओढून सोडवतात.

यातली सर्वांत दगाबाज गोष्ट ही की, हे सारे घडत असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि बराच काळ नजरही कमी होत नाही. पाटीवरची शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात. 'मला दिसते, म्हणजे माझा डोळा चांगला आहे' हा आपला जो सरळ हिशोब आहे, तो इथे चुकतो.

२००८ साली आमच्या गावी मोतीबिंदूचे शिबिर झाले. मंडप होता, हार होते, भाषणे झाली. आईच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले, पाटीवरची चिन्हे ओळखायला लावली आणि सांगितले, मोतीबिंदू नाही, जवळचा चष्मा घ्या. आम्ही आनंदाने घरी आलो. डोळे तपासून झाले होते ना! शिबिरवाल्यांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. ते मोतीबिंदू शोधायला आले होते, तो नव्हता. पण बॅटरीच्या उजेडात डोळ्याचा पुढचा भाग कळतो, मागचा पडदा कळत नाही. चष्म्याच्या दुकानातला तपासणीस नंबर काढतो, तोही पडदा पाहत नाही. आणि गंमत अशी की, साखर वरखाली होत असेल तर भिंगच फुगते-उतरते, त्यामुळे नंबरही बदलत राहतो. साखर स्थिर होण्याआधी केलेला चष्मा दोन महिन्यांत निकामी होतो. आमच्या वस्तीत असे दोन-दोन चष्मे पेटीत पडलेली घरे मी दाखवू शकेन.

पडद्याची तपासणी म्हणजे काय, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. डोळ्यात थेंब टाकतात, बाहुली मोठी होईपर्यंत अर्धा तास बसवतात, मग नेत्रतज्ज्ञ उपकरणातून पडदा पाहतो किंवा कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढतात. काही कॅमेऱ्यांना थेंबही लागत नाहीत. दुखत नाही. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते, उजेड सहन होत नाही; म्हणून त्या दिवशी सायकल-मोटारसायकल चालवू नये, सोबत माणूस न्यावा. मोठ्या वयात होणारा नेहमीचा मधुमेह ज्या दिवशी कळला, त्याच सुमारास पहिली तपासणी झाली पाहिजे, कारण तो कळण्याआधी अनेक वर्षे अंगात असू शकतो. नंतर दर वर्षी. पडद्यावर बदल दिसले तर डॉक्टर सांगेल तितक्या लवकर. लहान वयात इन्सुलिनवर गेलेल्यांची पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत व्हावी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच करावी, गरोदरपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो.

२०१० च्या पावसाळ्यात आई म्हणाली, "बाबा, डोळ्यापुढं कोळ्याचं जाळं फिरायलंय." मी मेडिकलवाल्याकडून थेंब आणले. मेडिकलवाला आमचा डॉक्टरच. फी घेत नाही, उधार देतो, अरे-तुरे करत नाही. आठ दिवसांनी जाळ्याचा काळा पडदा झाला. कोणी एका वैदूचे अंजन सांगितले, तेही झाले. दोन महिने असे गेल्यावर आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो.

इथे मला थोडे थांबून विश्वासाविषयी बोलायचे आहे. आपली माणसे अंधश्रद्ध आहेत म्हणून वैदूकडे जातात, असे शिकलेले लोक सहज बोलून जातात. माझा अनुभव निराळा आहे. आईने एका दवाखान्यात, "साहेब, हे कशानं झालं?" असे विचारले तेव्हा उत्तर आले होते, "तुला काय करायचंय? गोळ्या घे." झाडू मारणाऱ्या बाईने कारण विचारू नये, ही शिकवण काही वैद्यकीय महाविद्यालयात दिली जात नसेल, ती कुठून येते हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. वैदू मात्र ओट्यावर बसतो, हात हातात घेतो, खोटे का होईना पण कारण सांगतो. शास्त्र ज्याच्याकडे आहे तो बोलत नाही, आणि जो बोलतो त्याच्याकडे शास्त्र नाही. या दोहोंच्या मध्ये आमच्या माणसांचे डोळे जातात.

शहरातल्या त्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. त्यांनी आईला 'मावशी, तुम्ही' म्हटले, कागदावर डोळा काढला, त्यात पडदा काढला, लाल शाईने ठिपके दिले. म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, तिथं आता फार काही होणार नाही. डावा वाचवू या." आईने तो कागद मरेपर्यंत जपला.

डाव्या डोळ्याला लेसर केले. लेसरने गेलेली नजर परत येत नाही, हे आधी सांगितलेच पाहिजे. रक्ताविना तडफडणारा कडेचा भाग लेसरने भाजून टाकतात, म्हणजे तो नव्या कच्च्या वाहिन्या मागत नाही आणि मधला भाग वाचतो. याची किंमत म्हणून कडेचे आणि रात्रीचे दिसणे थोडे कमी होते. पहिल्या खेपेनंतर आई म्हणाली, "ह्यांनी तर आहे तेबी घालवलं." दुसऱ्या खेपेला जायला ती तयार होईना. लेसर घेऊन शिवणकाम करणारी शेजारच्या गल्लीतली एक बाई येऊन बसली, तेव्हा कुठे ती निघाली. त्या डाव्या डोळ्याने तिने २०१९ पर्यंत नातवंडांचे चेहरे पाहिले. लेसरने गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील मोठ्या प्रयोगातून १९७६ सालीच सिद्ध झाले होते. म्हणजे माझ्या आईच्या उजव्या डोळ्यावरचा उपाय तो डोळा जाण्यापूर्वी ३४ वर्षे जगात होता.

बाबासाहेबांनाही शेवटच्या वर्षांत मधुमेह होता आणि त्यांची दृष्टी फार क्षीण झाली होती. अशा डोळ्यांनी ते पहाटेपर्यंत लिहीत. १९५६ साली आजचा लेसर नव्हता. आज तो आहे, आणि तरी आपल्या वस्तीतून त्याच्यापर्यंतचा रस्ता नाही.

हा रस्ता बांधता येतो. इंग्लंडने २००३ पासून तो बांधायला घेतला. तिथे १२ वर्षांवरील मधुमेह्याला सरकारकडून तपासणीचे पत्र घरी जाते, फोटो काढतात, प्रशिक्षित माणसे ते वाचतात. आता कमी धोक्याच्या लोकांना दोन वर्षांनी बोलावतात. २०१४ साली तिथल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान पाच दशके कामकरी वयातील अंधत्वाचे पहिले कारण असलेला हा विकार त्या जागेवरून खाली उतरला होता. अलीकडे यंत्रच फोटो वाचून निदान करते. अमेरिकेत अशा यंत्राला २०१८ साली मान्यता मिळाली. पण यंत्रासमोर माणूस नेऊन कोण बसवणार? आपल्याकडे पत्र येत नाही. आपल्याकडे माणसालाच आठवण ठेवावी लागते, आणि ज्याची रोजी बुडते तो आठवण ठेवत नाही.

देशात ४० वर्षांवरील मधुमेह्यांची जी पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तीत १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर विकार आढळला आणि ४ टक्क्यांचा विकार नजर घालवण्याच्या टप्प्यावर होता. याचा वस्तीच्या भाषेत अर्थ असा की, शुगरचे २०० लोक असतील तर २५ जणांच्या पडद्यावर काही ना काही असणार आणि आठ जणांचे डोळे धोक्यात असणार. ते आठ कोण, हे त्यांनाही माहीत नाही.

आता सल्ला कोणाचा मानावा? मधुमेह मुळापासून बरा करतो, मोतीबिंदू थेंबांनी विरघळवतो अशा जाहिराती बसस्टँडच्या भिंतीवर दिसतात. १९५४ च्या जादूटोणा उपचार व आक्षेपार्ह जाहिरातीविरोधी कायद्याने मधुमेह, मोतीबिंदू, अंधत्व या सर्वांवरच्या अशा जाहिरातींना बंदी आहे. ती जाहिरात हाच त्या माणसावर विश्वास न ठेवण्याचा पुरावा समजावा. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहिला पाहिजे, आणि रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत, असे २००२ सालचे वैद्यकीय आचारनियम सांगतात. कागद मागणे हा उद्धटपणा नाही. पडद्याच्या डॉक्टरला विचारावे: विकार कोणत्या पायरीवर आहे? मधल्या बिंदूला सूज आहे का? पुन्हा कधी यायचे? सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शने देतात, सुरुवातीला दर महिन्याला. ती महाग असतात, आणि दोन घेऊन सोडली तर पैसा वाया जातो. कर्करोगासाठी निघालेले बेव्हॅसिझुमॅब यात स्वस्त पडते. नजर थोडीच उतरलेली असेल तर ते महागड्यांच्या बरोबरीने चालते, जास्त उतरली असेल तर पहिल्या वर्षी महागडे एक औषध सरस ठरते, असे २०१५ साली अमेरिकेतील तुलनेत दिसले. तेव्हा 'यापेक्षा स्वस्त काही चालेल का?' हे लाज न बाळगता विचारावे. योजनेत बसते का, हे महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. आणि साखरेबरोबर रक्तदाबही ताब्यात ठेवावा लागतो. नुसत्या डोळ्याच्या डॉक्टरने डोळा वाचत नाही.

आमच्या समाजमंदिरात आम्ही एक वही ठेवली आहे. चार रकाने आहेत: नाव, शुगर कळल्याचे साल, पडद्याची शेवटची तपासणी, पुढची तारीख. सुरुवातीला तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे रेघच होती. बाजाराच्या दिवशी काम बंद असते, म्हणून त्या दिवशी दहा-बाराजण मिळून एसटीने जिल्ह्याला जातो, दोन पोरे सोबत असतात. एक म्हातारे गवंडी अजून यायला तयार नाहीत. त्यांना ओळंबा स्पष्ट दिसतो, त्यांचे म्हणणे तेवढेच. पोरे दर खेपेला त्यांच्या दारावरून जातात.

त्या वहीत सहावे नाव माझे आहे. मला २०२१ साली शुगर निघाली. गेल्या खेपेच्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या पडद्यावर दोन ठिपके दिसले. विकार सौम्य आहे, औषध नको, साखर उतरवा आणि वर्षाच्या आत परत या, असे डॉक्टरांनी सांगितले. हे मी त्यांच्याकडून मराठीत लिहून घेतले. त्यांनी जरा आश्चर्याने पाहिले, पण लिहून दिले.