लिमलेटची गोळी, खडीसाखर आणि उद्याचा रंगीत पडदा

अवस्थांतर म्हटलं की मुलं एका दमात सांगतात, "बर्फ, पाणी, वाफ!" उत्तर बरोबरच आहे, पण त्यामुळे एक समज पक्का होतो की स्थायू म्हणजे एकच अवस्था. एखादा पदार्थ स्थायूच राहून दोन वेगळ्या रूपांत असू शकतो, ही गोष्ट मग राहूनच जाते. आज ज्या पडद्याबद्दल सांगायचंय, तो सगळा याच गोष्टीवर उभा आहे.

मुलांच्या हातात खडीसाखरेचा खडा द्या आणि लिमलेटची गोळी द्या. दोन्हींत मुख्यतः साखरच. घट्ट पाकात दोरा सोडून तो सावकाश निवू दिला, तर साखरेच्या रेणूंना ओळीत बसायला सवड मिळते आणि सपाट पैलूंचे खडे तयार होतात. ही झाली स्फटिकी रचना. गोळीचा पाक मात्र कडक शिजवून झटपट थंड करतात. रेणू जिथे असतील तिथेच अडकतात. ही अस्फटिकी, म्हणजे काचेसारखी रचना.

असंच वागणारा एक मिश्र पदार्थ आहे. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला म्हणतात जीएसटी! (वर्गात हशा पिकणारच. कराशी काही संबंध नाही, हे सांगून पुढे जा.) सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या वर थोडा वेळ तापवला की तो स्फटिकी होतो. ६०० अंशांच्या आसपास नेऊन वितळवला आणि क्षणात थंड केला, की पुन्हा काचेसारखा. हा 'क्षण' सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात मोजायचा असतो. दोन्ही रूपं नेहमीच्या तापमानाला टिकून राहतात, आणि दोन्हींतून प्रकाश वेगवेगळ्या प्रकारे जातो. पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत याच जातीच्या पदार्थांचा थर असायचा.

या पदार्थांचा पाया घालणाऱ्यांत स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की हे अमेरिकन संशोधक येतात. विजेने असा पदार्थ एका स्थितीतून दुसरीत नेता येतो, हा त्यांचा शोधनिबंध १९६८ चा. गृहस्थ कॉलेजात गेलेलेच नव्हते!

मग रंग कुठून आला? पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा तवंग पाहिलाय ना? तेल काही रंगीत नसतं. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले प्रकाशकिरण एकत्र येतात. काही रंग ठळक होतात, काही पुसले जातात. पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. २०१४ साली ऑक्सफर्ड आणि एक्सेटर विद्यापीठांतल्या संशोधकांनी हेच तत्त्व वापरलं. खाली आरशासारखा थर, त्यावर पारदर्शक पण वीजवाहक थर, मग जीएसटीचा फक्त ७ नॅनोमीटर जाडीचा थर आणि वर पुन्हा पारदर्शक थर. खालच्या पारदर्शक थराची जाडी बदलली की मूळ रंग बदलतो. विजेचा झटका देऊन जीएसटीचं रूप पालटलं की रंगही पालटतो. रंगद्रव्याचा एक कणही न वापरता!

आता 'हाय रिझोल्यूशन' म्हणजे किती, ते फळ्यावर मांडू. त्यांनी बनवलेला एक ठिपका होता ३०० नॅनोमीटर रुंद. एका इंचात ४०० ठिपके असलेल्या मोबाइलवर एक ठिपका साधारण ६३,५०० नॅनोमीटरचा. भागाकार केला तर २११ च्या आसपास. ही झाली एक बाजू, तेव्हा वर्ग करायला विसरू नका: मोबाइलच्या एका ठिपक्याच्या जागेत असे ४४ हजारांहून जास्त ठिपके मावतील.

शिवाय चित्र उमटल्यावर ते टिकवायला वीज लागत नाही, आणि परतलेल्या प्रकाशावर दिसत असल्यामुळे भर उन्हातही ते वाचता येईल.

पण "आता टीव्ही गेले!" असं मुलांना सांगू नका. तेव्हाची चित्रं अतिसूक्ष्म टोकाने विजेच्या साहाय्याने रेखलेली होती. लाखो ठिपक्यांना स्वतंत्र तारा जोडणं हे फार मोठं काम आहे. एक ठिपका मुख्यतः दोनच रंगांत फिरतो. आणि पडद्याला स्वतःचा उजेड नसल्यामुळे अंधारात दिवा लावावाच लागेल.

वर्गात करून बघायचं असेल तर पसरट भांड्यात पाणी घ्या, त्यात काळा कागद बुडवा आणि पाण्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. तो पसरला की कागद हळूच वर उचला आणि वाळू द्या. मग उजेडात तिरपा करून मुलांना विचारा, या रंगाची बाटली कुठे आहे?