बंदूक गेली, आता चिखलही चालला

गोंदियाहून सुटलेली गाडी डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत भिलाईला पोचते. खिडकीतून पाहिले तर वाटेत दोन गोष्टींची सोबत सुटत नाही : धानाच्या बांध्या आणि तलाव. झाडीपट्टीतल्या माणसाला आपण दुसऱ्या राज्यात आलो हे स्टेशनावरच्या पाट्या वाचूनच कळावे. भिलाईचे नाव निघाले की पोलाद आठवते, आणि ते योग्यच आहे. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. पण या कारखान्यालाही पाणी लागते. तांदुळा आणि गंगरेल धरणांतून कालव्याने येणारे पाणी मरोदाच्या जलाशयात साठते आणि थंडीत त्याच पाण्यावर बदके उतरतात. पक्षी पाहणारे लोक मरोदाला जातात, पाटन तालुक्यातल्या बेलौदी, सांकरा, अचानकपूरच्या तलावांवर जातात. त्यांच्या दुर्बिणी पाण्याच्या मध्यभागी रोखलेल्या असतात. काठच्या चिखलात, पायापासून दहा पावलांवर बसलेला पाणलावा (स्नाइप) बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

त्यात पाहणाऱ्याचा दोष फारसा नाही. वाळलेल्या गवताचा, ओल्या मातीचा आणि धसकटांचा रंग एकत्र करून त्यावर पिवळसर उभ्या रेघा ओढाव्यात, असे त्याचे अंग. धोका दिसला की तो पळत नाही, दबून बसतो. माणूस अगदी जवळ आला की घशातून खरखरीत आवाज काढत एकदम उसळतो, डावी-उजवीकडे झोकांड्या घेत उंच जातो आणि पार पलीकडच्या बांधीत उतरतो.

त्याची चोच पाहण्यासारखी आहे. देह जेमतेम लाव्यापेक्षा मोठा आणि चोच सहा-सात सेंटिमीटरची. तिचे टोक लवचिक असते आणि त्यात स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून, बाकीची मिटलेलीच ठेवून, तो फक्त टोक उघडतो आणि आत सापडलेला गांडूळ किंवा अळी धरतो. डोळे डोक्याच्या बाजूला, खूप मागे सरकलेले. त्यामुळे चोच चिखलात असतानाही वरून झेपावणारा भोवत्यासारखा शिकारी पक्षी त्याला दिसतो. हे सगळे शरीर एकाच गोष्टीसाठी घडले आहे : मऊ चिखलासाठी. जमीन कडक झाली की ही चोच कुचकामी ठरते. पाणलाव्याचे सगळे वागणे या एका गोष्टीवरून उलगडते.

आपल्याकडे हिवाळ्यात मुख्यतः तीन जाती येतात. सर्वांत आधी, पावसाळा संपता संपता, सैबेरियाकडून येतो तो टाचणीशेपटी पाणलावा. त्याच्या शेपटीच्या कडेची पिसे टाचणीसारखी बारीक असतात आणि एकूण पिसे पंचवीसच्या आसपास. साध्या पाणलाव्याला बहुधा चौदाच. टाचणीशेपटीला थोडी कोरडी जमीन चालते, कापलेल्या धानाच्या धसकटांतही तो वावरतो. साधा पाणलावा पाणथळ सोडत नाही. तिसरा जॅक स्नाइप सर्वांत लहान. तो अंगावर पाय पडेपर्यंत हलत नाही, उठलाच तर मुकाट्याने उठतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा बसतो. रंगीत पाणलावा मात्र वेगळ्या कुळातला. तो इथलाच रहिवासी. त्याची मादी नराहून देखणी असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो.

या पाणलाव्यांचा जंगलातला भाऊबंद म्हणजे वुडकॉक. भिलाईच्या मैदानात त्याची अपेक्षा धरू नये. तो हिमालयात वीण घालतो, हिवाळ्यात पायथ्याशी उतरतो आणि दक्षिणेत निलगिरीच्या शोलांपर्यंत जातो. दिवसभर पालापाचोळ्यात बसून राहायचे आणि संध्याकाळी अंधार पडताना ठरलेल्या वाटेने ओल्या कुरणाकडे निघायचे, हा त्याचा नेम. उटीच्या इंग्रज शिकाऱ्यांनी हा नेम बरोबर हेरला होता. ते त्या वाटेवर उभे राहत.

पाणलाव्याची शिकार निराळी होती. छावणीच्या आणि सिव्हिल लाइन्सच्या साहेबांना थंडीत भातखाचरे लागत. वारा पाठीशी घेऊन, हाकाऱ्यांची ओळ करून चिखलातून चालायचे, कारण हा पक्षी उठताना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणजे क्षणभर तो बंदुकीच्या दिशेने येतो आणि मग वळणे घेऊ लागतो. उन्हे तापली की तो घट्ट बसतो, म्हणून दुपारची वेळ पसंत. शिकार मोजायची जोड्यांत. खाण्याजोगे मांस मूठभर; मोठेपणा नेमबाजीचा होता. त्या नेमबाजीत चिखलात सांडलेले शिशाचे बारीक छर्रे कोणी मोजले नाहीत, आणि पाणपक्षी पोटातल्या दळणासाठी खडे गिळतात तसे छर्रेही गिळतात.

तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्थलांतराबद्दल आपल्याला जे सुरुवातीला कळले त्यातले बरेच बंदुकीच्या वाटेने आले. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्यासाठी पक्ष्यांच्या पायात वाळे घालण्याचे पहिले पद्धतशीर काम १९२६-२७च्या सुमारास झाले ते धार संस्थानात, तिथल्या पवार महाराजांच्या पुढाकाराने. मराठी संस्थानिकांच्या इतिहासात हे पान फार कमी वाचले जाते. बदकाच्या पायातले वाळे कुठेतरी दूर उत्तरेत एखाद्या शिकाऱ्याला सापडे आणि त्याच्या पत्राने नकाशावर एक रेघ वाढे. आज हेच काम मारल्याशिवाय होते. स्वीडनमधल्या संशोधकांनी पाणलाव्याचाच नातलग असलेल्या ग्रेट स्नाइपच्या अंगावर हलकी नोंदयंत्रे बसवली. २०११ साली निष्कर्ष छापून आले. तो पक्षी आफ्रिकेपर्यंत ६,८०० किलोमीटरपर्यंतचे अंतर न थांबता कापतो, तेही ताशी सत्त्याण्णव किलोमीटरपर्यंतच्या वेगाने.

आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही छोट्या शिकारीचे परवाने मिळत होते. १९९१च्या दुरुस्तीने तो दरवाजा बंद झाला. आज रानपक्षी मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चोरटी जाळी, फासे, दाण्यात कालवलेले कीटकनाशक हे अजून संपलेले नाही. पण माझ्या मते पाणलाव्याला खरा धोका आता तिथून नाही, चिखल नाहीसा होण्यातून आहे.

छत्तीसगडमध्ये उतेरा नावाची जुनी पद्धत आहे. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोडी फेकून पेरायची. आपल्या भंडारा-गोंदियातही लाखोरी अशीच घेतात. जमिनीतली ओल पुढच्या पिकाला पुरते आणि नांगर लागत नाही. ही ओली, न नांगरलेली बांधी पाणलाव्याला हवी तशी असते. जिथे बांधी लवकर वाळवून नांगरली जाते, किंवा फवारणीने मातीतल्या अळ्या नाहीशा होतात, तिथे तो उतरून करणार काय?

तलावांची गोष्ट तर अधिक दुखणारी आहे. शहरातल्या तलावाच्या 'सौंदर्यीकरणा'त काठ दगडांनी बांधला जातो, वर फरशी, भोवती दिवे. पाणी राहते, पण पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामधला उथळ चिखलाचा पट्टा जातो. बदकाचे एखादे वेळी भागेल. पाणलाव्याचे घर नेमके तो पट्टाच होता.

उलट बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदाकडे पाहा. बेमेतरा २०१२पर्यंत दुर्ग जिल्ह्यातच होता. इथले जलाशय साधे, काठ कच्चे, भोवती शेती. तिथे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२१ या काळात राज्याचा पहिला पक्षी महोत्सव झाला. गावकऱ्यांचे लक्ष असेल तर वेगळी भिंत बांधावी लागत नाही, हे तिथे दिसते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. तिच्यात कोणीही भाग घेऊ शकतो. दुर्ग-भिलाईच्या, तसेच गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांना माझी विनंती आहे : यंदा मोजायला जाल तेव्हा पाण्यावरची बदके मोजून परत फिरू नका, काठचा चिखलही सावकाश न्याहाळा आणि पाणलावा दिसला तर त्याची नोंद करा. आणि तुमच्या नगरपालिकेने तलावाचा आराखडा मांडला तर एक बाजू कच्ची ठेवण्याची मागणी लेखी द्या.