‘साठवले’ म्हणजे नेमके कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत रात्रभर चाललेले मोजमाप पहाटे संपले. सगळी आकडेवारी एका फाईलमध्ये लिहून प्रोग्रॅमने ‘फाईल साठवली’ असे कळवले, आणि काही सेकंदांतच वीज गेली. वीज आल्यावर पाहतो तो फाईलचे नाव जागेवर, आत मात्र काहीच नाही! संगणक खोटे बोलला का? तसे नाही. ‘साठवले’ या शब्दाचा आपण घेतो तो अर्थ त्याला अभिप्रेत नव्हता, इतकेच.

डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकण्यात ८-९ मिलिसेकंद जातात. एकूण सुमारे १३. आता १००० ला १३ ने भागून पाहावे (वर्गात हा भागाकार जरूर करून घ्यावा). विखुरलेल्या जागी सेकंदाला जेमतेम पाऊणशे नोंदी!

म्हणून मजकूर आधी संगणकाच्या स्मृतीत ठेवतात आणि प्रोग्रॅमला लगेच ‘झाले’ सांगून मोकळे करतात. लिनक्समध्ये तो तिथे साधारण ३० सेकंद राहू शकतो. तेवढ्यात एकाच जागी दहा बदल झाले तर शेवटचाच लिहावा लागतो; शेजारच्या नोंदी एका खेपेत उरकतात. पोस्टमन पत्रे गल्लीवार लावून घेतो, तसेच हे.

खरी गोम आहे ती क्रमात. फाईल-व्यवस्था बदलाची नोंद आधी एका रोजनाम्यात करते, मग मूळ तक्त्यात. पण डिस्कच्या आतही छोटी स्मृती असते आणि तीही आपल्या सोयीने क्रम बदलते. तक्ता आधी बदलला आणि वीज गेली, तर रोजनामा कुचकामी. म्हणून मध्येच ‘आतले सगळे उतरव, मगच पुढे’ अशी आज्ञा डिस्कला द्यावी लागते, आणि दर आज्ञेला वेळ मोजावा लागतो. फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीत हा वेळ कमी, पण प्रश्न तोच.

२००९ साली ‘ईएक्सटी४’ ही फाईल-व्यवस्था नवी असताना अनेकांच्या फाईल अशाच रिकाम्या झाल्या. तिचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचे म्हणणे, प्रोग्रॅमनेच ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यायला हवी होती. तरी नेहमीच्या प्रसंगांपुरती दुरुस्ती त्यांनी केलीच. आमच्या मते ते बरोबर होते, पण हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आधी सांगितले होते कुणी?

त्यानंतर आम्ही नोंदी येतील तशा लिहू लागलो. प्रत्येक नोंदीनंतर एफसिंक देऊन पाहिले. पण आमच्या नोंदी सेकंदाला २०० येत होत्या, आणि वरचा भागाकार आड आला. आता दर ५ सेकंदांनी देतो. वीज गेलीच तर हजारेक नोंदी जातात, तेवढ्या सोसवतात.